गणपती झाले की सुरू होणारी सर्दी

गणेशोत्सव संपला की दिवाळीपर्यंत पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: “मुलाची सर्दी काही केल्या जात नाही, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?” कोल्हापुरात कळंब्याकडे राहणाऱ्या एका आईनेही तो विचारला, पण ती आली होती चौथीतल्या मुलाचे वर्गात लक्ष नसते, ही शाळेतल्या बाईंची तक्रार घेऊन.

मुलगा बोलता बोलता तळहाताने नाकाचा शेंडा सारखा वर ढकलत होता. नाकावर त्यामुळे बारीक आडवी रेघ उमटली होती, डोळ्यांखाली काळसर झाक होती आणि श्वास तोंडाने चालला होता. ताप येतो का, असे विचारल्यावर आई म्हणाली, “ताप नाही मॅडम. सकाळी उठला की शिंकांवर शिंका, नाकातून नुसतं पाणी, आणि डोळे चोळून लाल. गेल्या वर्षीही दसऱ्याच्या सुमारास असंच झालं होतं.”

साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत ओसरते. नाका-डोळ्यांना खाज आणणारी, आठवडेच्या आठवडे टिकणारी आणि दरवर्षी त्याच हंगामात परतणारी सर्दी दिसली, की परागकणांच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. यात प्रतिकारशक्ती कमी नसते. उलट निरुपद्रवी कणांवरही ती तुटून पडते. नाक चोंदल्याने या मुलाची झोप रोज मोडत होती, मग वर्गात लक्ष कुठून लागणार? त्यातच आजींनी दही आणि केळी बंद केली होती, आणि संध्याकाळचा खेळही. खेळ बंद झाल्याचे मला फार वाईट वाटले, कारण मुलाला ती शिक्षाच वाटत होती.

घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुलले होते. निदान करणे माझे काम नव्हे, म्हणून मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. ॲलर्जीचे निदान करून त्यांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला. पण सवय लागेल या भीतीने आईने तो चार दिवसांतच थांबवला. पुढची भेट त्यातच गेली. या स्प्रेची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, तो मुख्यतः नाकाच्या अस्तरावरच काम करतो, त्याची सवय लागत नाही, मात्र पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. मान किंचित पुढे झुकवून, नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला ठेवावे. खरी काळजी घ्यावी ती नाक झटपट मोकळे करणाऱ्या औषधी थेंबांची. ते बरेच दिवस वापरले तर नाक उलट जास्तच चोंदते.

खेळ पुन्हा सुरू झाला, फक्त त्या प्लॉटपासून लांब. खेळून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलायचे, धुतलेले कपडे घरातच वाळवायचे, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या लावून घ्यायच्या, एवढे घरच्यांनी मनावर घेतले. गाजर गवत मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलोरा येण्याआधीच उपटायला हवे. उसाचा पाला पेटवला की उठणारा धूर ही काही परागकणांची ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला तोही सोसत नाही. रात्री खोकला किंवा छातीत घरघर असेल तर दम्याच्या शक्यतेसाठी लवकर तपासून घ्यावे. धाप लागली तर मात्र क्षणभरही थांबू नये.

मुलगा आता रात्रभर झोपतो, असे आईने कळवले. पुढच्या वर्षी हंगामाच्या दोन आठवडे आधीच स्प्रे सुरू करायचा का, हे डॉक्टरांना विचारण्यासाठी तिने श्रावणातल्या एका तारखेवर कॅलेंडरात खूण करून ठेवली आहे.