पाळणेवाले पुढच्या गावाला गेले, तरी तक्रार आपल्याच जिल्ह्यात होते

प्रश्न : आमच्या गावची लक्ष्मी यात्रा दोन महिन्यांपूर्वी झाली. नऊ वर्षांची मुलगी आणि नणंदेचा मुलगा, दोघांना घेऊन मी कोलंबस होडीच्या पाळण्यात बसले. तिघांचे १८० रुपये फोनवरून दिले. मांडीवरचा आडवा दांडा नीट लागत नव्हता. चालवणाऱ्या पोराला दोनदा सांगितलं, तर म्हणाला, ‘घट्ट धरा, काय होत नाही.’ होडी वर जाऊ लागली तशी मुलगी रडायला लागली. आम्ही थांबव थांबव म्हणून ओरडत होतो, तो हसत वेग वाढवत होता. दांडा सुटून तिच्या तोंडावर आपटला, वरचा पुढचा दात मोडला. मालक म्हणाला, ‘तिकिटामागं वाचा, स्वतःच्या जबाबदारीवर बसायचं असतं.’ पैसे परत दिले नाहीत, वर चारचौघांत वाईट बोलला. यात्रा कमिटी म्हणते, आम्ही फक्त जागा दिली. पोलीस ठाण्यात मराठी अर्ज घेतला नाही. आता पाळणेवाले महाराष्ट्रात चंदगडकडे गेलेत. गावातले म्हणतात, सोडून दे. काय करू? – एक वाचक भगिनी, खानापूर तालुका (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : ताई, सोडू नका. तुमच्या हातात काहीच नाही असं तुम्हाला वाटतंय, पण तुमची बाजू भक्कम आहे.

आधी दाताचं सांगतो, कारण इथंच लोक फसतात. ‘दातच तर मोडला’ असं तुम्हाला ठाण्यात कुणी म्हणालं असेल, तर कायदा तसं म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं ते दिलंय आणि त्यात हाड किंवा दात मोडणं, निखळणं हे स्पष्ट लिहिलंय. निष्काळजीपणानं दुसऱ्याला अशी गंभीर दुखापत केली तर कलम १२५ (ब) नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंत्र चालवताना हयगय केली तर कलम २८९ वेगळं. दांडा लागत नाही हे दोनदा सांगूनही होडी चालू केली, ओरडूनही थांबवली नाही. याहून उघड हयगय कोणती? म्हणून दंतवैद्याकडून साधी चिठ्ठी घेऊन भागणार नाही. कोणता दात, दुधाचा की कायमचा, किती मोडला, मार कशाचा, पुढं कोणते उपचार लागतील आणि अंदाजे खर्च किती, हे सगळं तारखेसह लिहून घ्या. एक्सरे जपून ठेवा.

पोलिसांचं. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कुठलंही गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्यापुढं, देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा तुम्हाला हक्क आहे. मराठी अर्ज नाकारता येत नाही. शिवाय अर्ज लिहूनच न्यायला पाहिजे असंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तुम्ही तोंडी सांगायचं, त्यांनी लिहून घ्यायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं, मग तुमची सही आणि एफआयआरची प्रत फुकट. लिहिलेलं कन्नडमध्ये असेल तर वाचता येणारं घरचं माणूस सोबत न्या आणि ‘दोनदा सांगितलं होतं’ हे वाक्य आत आलंय का ते बघूनच सही करा. तरीही घेतलं नाही तर तोच मजकूर बेळगावच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. मी माझ्या पक्षकारांना मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडायला सांगतो. हक्क नाही म्हणून नव्हे, कागद लवकर हलावा म्हणून. दोन महिने उशीर का झाला तेही अर्जात लिहा : अमुक तारखेला आलो होतो, घेतलं नाही.

आता भरपाई. ती ग्राहक आयोगात मागायची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच करमणूक आहे, त्यामुळे पाळण्याचं तिकीट काढणारा माणूस ग्राहकच. मुलगी लहान आहे, तिच्या वतीनं आई म्हणून तुम्ही तक्रार करू शकता. सगळ्यात कामाची गोष्ट ही की तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करायची सोय या कायद्यानं दिलीय. पाळणेवाला आज चंदगडात असो, उद्या गडहिंग्लजला जाओ, त्याला बेळगावच्या जिल्हा आयोगापुढं यावं लागेल. कायदा केंद्राचा आहे, त्याला राज्याची हद्द आडवी येत नाही.

तुम्ही दोन लाख मागा की चार लाख, आयोगाची फी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते. तुमची रक्कम १८० रुपये. पाच लाखांपर्यंत फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

तिकिटामागच्या ओळीला घाबरू नका. पैसे घेतल्यावर हातात दिलेल्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात काहीतरी छापून आपल्या हयगयीतून सुटता येत नाही. राजकोटच्या गेमिंग झोनला २५ मे २०२४ रोजी आग लागली, तिथंही आत जाणाऱ्यांकडून ‘जबाबदारी आमची नाही’ अशा फॉर्मवर सह्या घेतल्या जात होत्या. त्या फॉर्मनं मालकांची अटक टळली नाही. फक्त एक काळजी घ्या. तक्रारीत ‘ही अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी घालू नका. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते आणि तुमचं प्रकरण विनाकारण अडकेल. तुम्ही ‘सेवेतील त्रुटी’ एवढंच धरून बसा. तिकिटावर मालकाचं नाव किंवा पावती क्रमांक नसेल तर तेही नोंदवा, सेवेची पावती न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. तक्रार कुणाविरुद्ध? होडीवरचा पोरगा रोजंदारीवर असतो, त्याच्यामागं लागू नका, जबाबदारी मालकाची. त्याचं नाव मिळवायचे दोन रस्ते आहेत. तुमच्या फोनमधल्या १८० रुपयांच्या व्यवहारात पैसे कुणाच्या नावावर गेले ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट आजच काढा, व्यवहार क्रमांकासह. दुसरा रस्ता परवानगीच्या फाईलचा. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, फी दहा रुपये. यात्रेत पाळणे लावायला कुणी अर्ज केला, पत्ता काय, यंत्रं कुणी तपासली, एवढंच विचारा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर परत येतो. उत्तराची मुदत तीस दिवस. पाळण्यांना वीज हेस्कॉम या वीज कंपनीच्या तात्पुरत्या कनेक्शनवरून घेतली असेल तर तिथंही अर्जदाराचं नाव सापडतं. ‘कुणीच परवानगी घेतली नव्हती’ असं उत्तर आलं तर तो कागद तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे.

कमिटीबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. तुम्ही पैसे कमिटीला दिले नाहीत, म्हणून तिच्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात टिकायला कठीण. तिकिटावर कमिटीचं नाव असेल किंवा प्रत्येक तिकिटाच्या पैशात तिचा हिस्सा ठरला असेल तर मात्र तिलाही पक्षकार करा. पण जागेचं भाडं ज्या पावतीनं घेतलं, तिची प्रत कमिटीकडं जरूर मागा. गावची बदनामी होईल म्हणून तुम्हाला गप्प बसायला सांगतायत, ते मला कळतं. आपल्याकडं लक्ष्मी यात्रा काही वर्षांच्या अंतरानं येते, माहेरवाशिणी येतात, घराघरांत पाहुणे असतात, त्या आनंदाला गालबोट नको असं वाटणारच. पण यात्रा देवीची आहे, पाळणा देवीचा नव्हे. कमिटीतल्या जाणत्या माणसाला घरी बोलावून मुलीचा एक्सरे दाखवा. मी पाहिलंय, अशा वेळी आधी टाळणारी माणसंच मालकाचा फोन नंबर देतात.

नाव-पत्ता मिळाला की पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. त्याच्या कायमच्या पत्त्यावर एक, हल्ली पाळणे लागलेत तिथं एक. कुणी होडीचा व्हिडिओ काढला असेल तर तो न कापता मूळ फोनमध्ये तसाच ठेवायला सांगा, आयोगात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे फोनमधल्या पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. शेजारच्या बाकावर बसलेल्या एकदोघांचं प्रतिज्ञापत्र घ्या.

मालक कदाचित फोन करून दोन-पाच हजारांवर मिटवू म्हणेल. दंतवैद्याचा पुढच्या खर्चाचा आकडा हातात येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका. तिकिटाची झेरॉक्स मात्र उद्याच काढा. त्या स्वस्त कागदावरची शाई हळूहळू उडते.