अस्वलं हिवाळाभर झोपतात, तर बर्फातलं पांढरं अस्वल कसं जगतं?

तुम्ही विचारलंय की पुस्तकात अस्वलं हिवाळाभर झोपतात असं लिहिलेलं असतं, पण सिंदेवाहीकडे तर ऐन डिसेंबरात अस्वल वावराच्या धुऱ्यावर वारूळ उकरताना दिसतं. मग उत्तरेच्या बर्फातली अस्वलं काय करतात?

तुम्ही पाहिलं ते बरोबरच आहे. अस्वल झोपतं ते खाणं संपतं म्हणून. आपल्याकडे उधई बारमाही मिळते, वर बोरं, मोहफूल, टेंभरं एकामागून एक येतात. आपल्या अस्वलाला झोपायची गरजच पडत नाही.

उत्तरेत तीन जाती आहेत. अमेरिकन काळं अस्वल अलास्का-कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या जंगलात राहतं. तपकिरी अस्वल (ग्रिझली त्यातलंच) अलास्का, कॅनडा, रशियात आहे. उन्हाळ्यात मुळं, बेरी, जमिनीतल्या खारी, नदीकाठी असेल तर सामन मासे खाऊन ते चरबी साठवतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतारावर खोदलेल्या बिळात शिरतं. मग पाच ते सात महिने खाणं-पिणं, मलमूत्र सगळं बंद. एरवी मिनिटाला ४०-५० पडणारे हृदयाचे ठोके १०च्या आसपास येतात. अंग मात्र फार थंड पडत नाही, त्यामुळे डिवचलं तर ते लवकर जागं होतं.

पांढऱ्या अस्वलाचं गणित नेमकं उलटं आहे, आणि मला सगळ्यात नवल त्याचंच वाटतं. त्याचं शेत म्हणजे गोठलेला समुद्र. सील हा समुद्रातला सस्तन प्राणी श्वास घ्यायला बर्फात भोकं राखून ठेवतो. अस्वल वाऱ्याच्या उलट दिशेने तिथं येतं आणि न हलता उभं राहतं, कधी तासभर. पाय वाजला तर सील दुसऱ्या भोकाने निघून जातो. सापडला की आधी कातडी आणि चरबी खायची. मांस बरेचदा कोल्ह्यांना उरतं. एप्रिल ते जून हा सुगीचा काळ. कॅनडाच्या हडसन उपसागरात जुलैपर्यंत बर्फ वितळतं, ते नोव्हेंबरात पुन्हा धरतं. मधले चार महिने किनाऱ्यावर जवळजवळ उपास, रोज सुमारे किलोभर वजन घटतं. म्हणजे त्याचा दुष्काळ उन्हाळ्यात येतो आणि हिवाळ्यात ते शिकारीला निघतं.

बिळात जाते फक्त गाभण मादी. समागम एप्रिल-मेमध्ये होतो, पण गर्भ शरद ऋतूपर्यंत वाढतच नाही. तोवर पुरेशी चरबी साठली नसेल तर तो रुजतही नाही. बर्फ लवकर वितळलं की नुकसान होतं ते इथेच. हडसनकडची मादी जुलैपासून मार्चपर्यंत, आठ महिने उपाशी राहून पिल्लं वाढवते. जन्मताना पिल्लू ६०० ग्रॅमच्या आसपास असतं. दुधात फॅट ३० टक्क्यांच्या घरात. आपल्या चांगल्या म्हशीच्या दुधात ७ लागते! बिळाचं तोंड खोलीपेक्षा खाली असतं, त्यामुळे ऊब आत कोंडून राहते. छतावर बर्फ कमी पडलं किंवा अवेळी पाऊस आला तर छत खचून पिल्लं दबतात.

पिल्लांचा हंगाम मात्र आपल्याकडेही साधारण हाच, नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणून त्या दिवसांत सरपणाला गेलात तर खडकांच्या कपारीत डोकावू नका. मार्च-एप्रिलमध्ये तीच मादी पिल्लं पाठीवर घेऊन मोहाखाली येते. पहाटे एकट्याने फुलं वेचायला जाऊ नका. चार जण मिळून, मोठ्याने बोलत जा.