समाजशास्त्रातले धर्माविषयीचे जुने सिद्धांत आज उपयोगी पडतात का?

पडतात, पण एकटा कुठलाच पुरत नाही. आषाढी वारीचंच घ्या. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरखेमने १९१२ मध्ये मांडलं, की एकत्र केलेल्या विधींतून समूहाला आपल्या एकपणाची जाणीव होते. दिंडीत चाललेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पण इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? एकाच दिंडीत ब्राह्मणांचं जेवण वेगळं, मराठ्यांचं वेगळं. भजन मात्र एकत्र! इथे द्युरखेम अडखळतो.

धर्म म्हणजे लोकांची ‘अफू’, हे मार्क्सचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पीडितांचा उसासाही म्हटलंय, हे कोणी सांगत नाही. तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, ती घटना या चौकटीत बसवणं कठीण. तिथे मला जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर जास्त कामाचा वाटतो: धर्मविचार माणसाचं जगण्यातलं वागणंच बदलू शकतो.

आधुनिकता आली की धर्म ओसरेल, हे भाकीत मात्र डळमळलं. ते हिरिरीने मांडणाऱ्या समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गरनेच पुढे, १९९९ मध्ये, ते चुकल्याचं लिहिलं.