बायोप्सीचा काप साध्या काचेच्या स्लाइडवर ठेवून इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेता येतो का?

स्पेक्ट्रम म्हणजे नमुना कोणते इन्फ्रारेड किरण किती शोषतो याचा आलेख. त्यातला निदानासाठी सर्वांत कामाचा जो भाग आहे, तो साध्या काचेतून मिळणार नाही. पेशींतल्या प्रथिनांचे ठळक शोषण-पट्टे १६५० आणि १५५० प्रति सेंटिमीटरच्या (तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरमधल्या लहरींची संख्या) आसपास येतात, डीएनए-आरएनएमधल्या फॉस्फेटचे १२४० आणि १०८० जवळ. आणि साधारण २००० च्या खालचे किरण काच स्वतःच शोषून घेते. म्हणून काप कॅल्शियम फ्लोराइड किंवा बेरियम फ्लोराइडच्या चकतीवर घ्या. बेरियम फ्लोराइड महाग पडतं, पण १००० च्या खालीही उपयोगी पडतं.

काप घेण्यासाठी ऊती ज्या पॅराफिन मेणात बसवतात, त्या मेणाकडेही लक्ष द्या. पॅराफिनचा टोकदार पट्टा १४६२ ला हमखास दिसतो. झायलीन या द्रावकाने मेण धुतलं की ऊतीतले बरेचसे स्निग्ध पदार्थही (लिपिड) सोबत जातात, त्यामुळे लिपिडचाच अभ्यास असेल तर गोठवलेला काप घ्यावा.

काचेवरचे जुनेच नमुने हाताशी असतील तर २८०० ते ३७०० हा भाग तेवढा वाचता येतो. त्यातून ऊतींचे प्रकार काही प्रमाणात ओळखता येतात, पण रुग्णाचं निदान त्यावर ठरवू नका. ते पॅथॉलॉजिस्टने रंगवलेली स्लाइड पाहूनच द्यायचं.