आजोबांच्या डब्यातले ढबू पैसे

प्रश्न : सर नमस्कार, जुनं घर आवरताना आजोबांच्या डब्यात सात जाड तांब्याची नाणी मिळाली, आजोबांचं कापडाच्या निमित्तानं गुलबर्गा-विजापूरला जाणं-येणं असायचं. सगळे म्हणतात शिवराई आहे, पण अक्षरं अरबी दिसतात आणि तीही अर्धी कापलेली. शेजारचे चाचा अरबी वाचतात पण त्यांना फक्त एकावर 'इब्राहीम' लागलं. दुसऱ्या एकावर उलटा व्ही, मग शून्य, मग टिंब असं आहे. चिंच लावून घासू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ती चिंच खाली ठेवा! वरचा हिरवा-काळा थर गेला की अक्षराची कड पण जाते, आणि मग आम्हाला पण काही वाचता येत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ ब्रश फिरवा, बास.

आता अर्धी अक्षरं. ती झिजलेलीच असतील असं नाही. तापवलेली तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण हाणायचा, पण ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कडेचा मजकूर बाहेरच राहायचा, शिवाय घाव तिरका बसला की अजून थोडा गेला. म्हणून एकाच राजाची चार-पाच नाणी शेजारी मांडून तुकडे जुळवावे लागतात. चाचांची पण चूक नाही, नाण्यावर अक्षरांची टिंबं बऱ्याचदा गाळलेली असतात आणि शब्द जागा मिळेल तसे एकावर एक रचलेले.

तुमचं शून्य हे शून्य नाहीच, तो अरबी पाच आहे, शून्य म्हणजे ते टिंब, आणि उलटा व्ही म्हणजे आठ. अक्षरं उजवीकडून वाचायची पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून, म्हणजे झालं हिजरी ८५०, आपलं इ.स. १४४६-४७. तेव्हा बिदरच्या तख्तावर बहमनी अलाउद्दीन अहमदशाह दुसरा होता. नाण्यावर 'अहमद' सापडतंय का बघा.

मला खरी मजा वाटली ती इब्राहीमची. विजापूरच्या इब्राहीम आदिलशाह दुसऱ्याच्या (१५८०-१६२७) तांब्याच्या नाण्यांवर 'इब्राहीम अबलाबली' असतं, म्हणजे दुबळ्यांचं बळ. लिपी अरबी आणि शब्द संस्कृत! चाचा 'अबला' हा अरबी शब्द म्हणून शोधत बसले तर कसा सापडणार, त्यांना हे सांगा आणि परत बघायला लावा. दुसऱ्या बाजूला 'गुलाम मुर्तझा अली' असा मजकूर असायला हवा.

दोन्ही बाजूंचे फोटो उन्हात नको, खिडकीजवळ तिरक्या उजेडात काढून पाठवा, बाकी पाच तेव्हा बघू.