ओट्याचा रेट वेबसाइटवर लिहावा का?

प्रश्न : ताई, नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं ग्रॅनाइट-क्वार्ट्झचं फॅब्रिकेशनचं काम आहे. वडील साइटवर बसून ग्राइंडरने ओटे कापायचे. आता शेडमध्ये ब्रिज कटर (दगड कापायचं मोठं मशीन) आहे, कडा पॉलिश करायचं मशीन आहे. काम बहुतेक ठेकेदार आणि ट्रॉलीवाल्यांकडून येतं. ते भाव पाडतात आणि पैसे लटकवतात. थेट घरमालक यावेत म्हणून वेबसाइट करून घेतली. दिसायला झकास आहे, पण फोन येत नाहीत. आलाच तर ‘रेट काय?’ एवढं विचारून ठेवून देतात. चौकश्या विकणाऱ्या एका पोर्टलचं पॅकेज घेतलं, तर तीच चौकशी आमच्यासारख्या आणखी चार जणांकडे गेलेली असते. वेबसाइट नव्याने करायची म्हणतोय. रेट टाकू का? टाकला तर शेजारचा पाच रुपये कमी लावेल. पत्रात वेबसाइटचा पत्ता दिला आहे. – स. म., नाशिक

उत्तर : तुमची वेबसाइट मोबाइलवर उघडली. आधी बराच वेळ पांढरा पडदा, मग एक सरकता फोटो. परदेशातलं स्वयंपाकघर, ज्यात कधी फोडणी पडलेली नाही. त्याखाली ‘गुणवत्ता, विश्वास, सेवा’. मग ‘आमच्याबद्दल’. मग प्लॉट नंबर. तुमचा ब्रिज कटर कुठेच नाही, तुम्ही बसवलेला एकही ओटा नाही.

आता पाथर्डी फाट्यावर पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईंचा विचार करा. बिल्डरने दिलेला ओटा सिंकपाशी तडकलाय, खालचा कडप्पा ओल धरतोय. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात. जुना ओटा काढताना भिंतीच्या डॅडो टाइल्स फुटतील का, घरात किती दिवस धूळ आणि बाहेरचं जेवण, आणि सगळं मिळून किती रुपये. तुमच्या वेबसाइटवर यातलं एकही उत्तर नाही. मग त्या फोन करून ‘रेट काय?’ एवढंच विचारतात, कारण विचारता येण्यासारखा तेवढाच प्रश्न त्यांच्याकडे उरतो. तुम्ही आकडा सांगता, त्या तो कागदावर लिहून पुढच्या दुकानाला फोन लावतात.

तर रेट लिहा. पण नुसता चौरस फुटाचा नको. एका खऱ्या ओट्याचं पूर्ण बिल मांडून दाखवा. माझ्या सासऱ्यांचं कडप्पा-शहाबादीचं दुकान होतं, तिथे मी गल्ल्यावर बसायचे. भांडणं दगडाच्या भावावरून फारशी व्हायची नाहीत, मापावरून व्हायची. एल आकाराचा ओटा घ्या, एका भिंतीला 10 फूट, दुसरीला 6 फूट, रुंदी 2 फूट. नीट मोजलं तर 10 गुणिले 2 म्हणजे 20, आणि कोपरा एकदाच धरून उरलेले 4 गुणिले 2 म्हणजे 8. एकूण 28 चौरस फूट. बरेच जण 16 गुणिले 2 करून 32 लावतात. कोपऱ्याचे 4 चौरस फूट दोनदा मोजले गेले, हे गिऱ्हाइकाला पॉलिशवाला निघून गेल्यावर कळतं. भिंतीलगतची 4 इंची पट्टी वेगळी, ती 16 फूट लांब, म्हणजे साधारण सव्वापाच चौरस फूट. पुढच्या कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. इथे आतली कड 8 अधिक 4, म्हणजे 12 फूट येते, दोन्ही टोकं उघडी असतील तर आणखी 4. सिंक आणि हॉबचं (ओट्यात बसवायच्या शेगडीचं) कटिंग नगावर, आणि कापून निघालेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ बिलातून वजा होत नाही, हेही लिहा. जुना ओटा काढणं, मलबा खाली नेणं, लिफ्ट नसेल तर मजला चढवणं, जीएसटी धरून की वगळून, सगळं एका पानावर.

हे पान तुमचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान होईल, पैजेवर सांगते. शेजारचा पाच रुपये कमी लावेल, लावू द्या. त्याच्याकडे 32 फूट आणि तुमच्याकडे 28, हा हिशेब गिऱ्हाईक स्वतः करेल. आणि तुम्हीही आजवर 32 लावत असाल, तर आधी ते बदला, मग वेबसाइट करा.

दुसरी गोष्ट धूळ. तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : वडील साइटवर कापायचे, आम्ही शेडमध्ये कापतो. वेबसाइटच्या माथ्यावर हेच हवं. ‘ओटा कारखान्यात कापून, पॉलिश करून आणतो. तुमच्या घरात ग्राइंडर चालत नाही.’ नळाचं एखादं भोक साइटवर पाडावं लागत असेल, तर तेही खाली लिहा. त्याने विश्वास कमी होत नाही, वाढतो. सोबत ब्रिज कटरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पाण्याखाली दगड कापतानाचा. मागे हिंदी गाणं टाकू नका, मशीनचा आवाज पुरे.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. इंजिनिअर्ड, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या, क्वार्ट्झमध्ये सिलिका फार असते, आणि कोरडं कापलं की तिची बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून इंजिनिअर्ड स्टोनच्या ओट्यांवर बंदीच आणली. तुमचे कारागीर पाण्यावर कापत असतील, नीट मास्क लावत असतील, तर ते दाखवा. नसतील तर वेबसाइटच्या पैशातून आधी ते करा.

फोटो. परदेशी स्वयंपाकघर काढून टाका. ते तुमचं नाही, त्यावर दुसऱ्याचा हक्क आहे. तुमच्या प्रत्येक कामाचे दोन फोटो पुरेत, आधीचा आणि नंतरचा, एकाच कोपऱ्यातून उभं राहून काढलेले. खाली चार ओळी : भाग कोणता, दगड कोणता, किती फूट, किती दिवस लागले, सांधा कुठे आला. सांध्याबद्दल कोणीच लिहीत नाही. दहा फुटांचा ओटा छोट्या स्लॅबमधून, म्हणजे दगडाच्या लहान फळीतून, काढला तर सांधा येणारच. तो सिंकच्या किंवा हॉबच्या तोंडाशी येऊ नये हे तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही. घरमालकाची परवानगी घ्या आणि सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, फ्रीजवर चिकटवलेले पोरांचे फोटो दिसू देऊ नका. ब्लॅक गॅलेक्सीचा फोटो फ्लॅश मारून काढू नका. आंध्रातल्या चिमकुर्तीच्या त्या दगडातले सोनेरी ठिपके तिरक्या उजेडात उठून दिसतात, सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा काढा.

आणखी दोन पानं लिहून ठेवा : ‘ग्रॅनाइट की क्वार्ट्झ’ आणि ‘ओट्यावरचे डाग’. पांढऱ्या क्वार्ट्झवर ओली हळद रात्रभर ठेवून सकाळी पुसल्यावर काय राहतं, ते स्वतः करून दाखवा. संगमरवरावर लिंबू पिळून ठेवा, पॉलिश मरतं. तापलेली कढई थेट क्वार्ट्झवर ठेवू नका हेही सांगा, कारण त्यातला दगडाचा चुरा राळेने बांधलेला असतो, आणि राळ उष्णतेने बिघडते. तुम्ही क्वार्ट्झही विकता, तरी सांगा. पानांच्या शीर्षकात ‘काउंटरटॉप’ लिहू नका, नाशिकमध्ये लोक किचन ओटा किंवा प्लॅटफॉर्म शोधतात.

आता चौकशी येणार कशी? लांबलचक फॉर्म कोणी भरत नाही. प्रत्येक पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर मजकूर आधीच लिहिलेला येऊ द्या : ‘माझा भाग – , नवीन घर / जुना ओटा काढायचा – , अंदाजे लांबी – , फोटो पाठवत आहे.’ गिऱ्हाइकाने फक्त मोकळ्या जागा भरायच्या. प्रत्येक पानाच्या मजकुरात एखादा शब्द वेगळा ठेवा, म्हणजे चौकशी बिलाच्या पानावरून आली की हळदीच्या, ते तुम्हाला आपोआप कळेल. ज्याने ओट्याचा फोटो आणि लांबी पाठवली तो खरा गिऱ्हाईक. त्याला तासाभरात अंदाजे आकडा आणि माप घ्यायला येण्याची वेळ कळवा. तुम्ही मशीनवर असाल तर घरातल्या कोणाकडे तरी तो फोन द्या. सकाळच्या चौकशीला रात्री दहाला उत्तर देणार असाल, तर उत्तम वेबसाइटही तुमच्या कामाची नाही.

सरकता फोटो काढला की वेग सुधारेल. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणायला सांगा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा, हे गूगलचं माप आहे, आणि त्यांच्याच पेजस्पीड इनसाइट्स या वेबसाइटवर ते फुकट तपासता येतं. वेबसाइटवाल्याचे उरलेले पैसे देण्याआधी त्याच्यासमोर तपासा.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावरची तुमच्या व्यवसायाची नोंद, मात्र वेबसाइटच्या आधी. ‘जवळचे ग्रॅनाइटवाले’ शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो, तुमची वेबसाइट नंतर. शेडवर गिऱ्हाईक स्लॅब बघायला येत असेल तर पत्ता ठेवा. येत नसेल तर पत्ता लपवून नुसते भाग लिहिता येतात. माझं मत विचाराल तर गिऱ्हाईक शेडवर यावं. स्लॅब स्वतः निवडलेलं गिऱ्हाईक नंतर रंगावरून कुरकुर करत नाही.

जाहिरात हे सगळं झाल्यावर, आणि थोडीच. गूगलवर जाहिरात लावताना ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘या भागात असलेले’ एवढंच निवडा. आपसूक निवडलेला पर्याय त्या भागात नुसता रस असणाऱ्यांनाही जाहिरात दाखवतो, मग पुण्यात बसून नाशिकचं काही शोधणाऱ्याच्या क्लिकचेही पैसे तुमच्या खिशातून. नकोशा शब्दांच्या (ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसू नये अशा) यादीत ‘नोकरी’, ‘वॉलपेपर’, ‘ड्रॉइंग’ टाका. वेळ पितृपक्षाची धरा. काम तेव्हा कोणी सुरू करत नाही, पण दिवाळीआधी ओटा हवा असणारे चौकश्या तेव्हाच करत बसतात. ऑर्डरी भरल्या की जाहिरात बंद करा. चार कारागिरांच्या जोरावर दहा घरांना ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहिलात, तर ते दहाही जण नकाशावर एक तारा देऊन जातील.

ठेकेदारांना सोडू नका बरं का. त्यांच्यासाठी वेबसाइटवर वेगळं काही नको. घरमालकांची कामं वाढली की त्यांना आगाऊ रक्कम मागायची हिंमत तुम्हाला येईल.

प्रश्न : माझा टाइल्स आणि बेसिन काउंटरचा व्यवसाय आहे. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन (वेबसाइटचं नाव) स्वतःच्या नावावर घेतलं. आता नूतनीकरणाला दरवर्षी वाटेल ती रक्कम मागतो. वेबसाइट दुसऱ्याकडे नेता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेबसाइट नेता येते, प्रश्न नावाचा आहे. डोमेन ज्याच्या नावावर नोंदलेलं, मालकी त्याची, तुमच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. आधी गोडीने बोला, पण लेखी. खातं तुमच्या ईमेलवर करून द्या किंवा डोमेन हलवण्याचा सांकेतिक क्रमांक द्या, असं ईमेलने कळवा. एवढं मिळालं की दुसऱ्या कंपनीकडे नेणं किरकोळ काम आहे. डॉट कॉम नाव नुकतंच घेतलेलं किंवा हलवलेलं असेल तर सहसा 60 दिवस थांबावं लागतं. तुम्ही पैसे दिल्याची बिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. तो अडूनच बसला, आणि नाव तुमचा नोंदलेला ट्रेडमार्क नसेल, तर भांडत बसण्यापेक्षा मिळतंजुळतं नवं नाव स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने घ्या. व्हिजिटिंग कार्ड आणि टेम्पोवरचं नाव बदलायचा खर्च त्याच्या दोन वर्षांच्या मागणीपेक्षा कमी निघेल. आणि आजच एक गोष्ट तपासा : गूगल प्रोफाइलचा मुख्य मालक कोण आहे? तिथेही तोच असेल, तर सलोखा आहे तोवर ते आधी तुमच्या नावावर करून घ्या. नकाशावरचे सगळे अभिप्राय त्या प्रोफाइलला जोडलेले असतात.

जाता जाता, ज्यांची वेबसाइट गूगलची मोफत होती त्यांच्यासाठी. गूगल प्रोफाइलमधून जी फुकटची एकपानी वेबसाइट तयार व्हायची, ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली. तुमच्या जुन्या कार्डावर तो पत्ता छापलेला असेल, तर ती कार्डं वाटू नका.

प्रश्न : ओटा बसवल्यावर गिऱ्हाइकाने पाच तारे दिले तर पाचशे रुपये सूट द्यावी, असं माझा भाऊ म्हणतो. देऊ का? – वाचक, सांगली

उत्तर : नको. सूट देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. आणि ‘खूप छान सर्व्हिस’ एवढंच लिहिलेले वीस अभिप्राय एका महिन्यात आले, की वाचणाऱ्याला वास येतोच. बसवल्याच्या दिवशी मागूही नका, त्या दिवशी घरभर सिलिकॉनचा वास आणि गॅस बंद असतो. आठ-दहा दिवसांनी फोन करा, सिंकखाली पाणी गळतंय का विचारा. गळत असेल तर माणूस पाठवा. गळत नसेल तर अभिप्रायाची लिंक पाठवा, आणि ओट्याची लांबी आणि दगडाचं नाव लिहा म्हणावं.