राग तोच, मग अल्बम नवा कसा?

प्रश्न (खानापूर): आमच्या आवडत्या गायकाने दहा वर्षांपूर्वी यमन ध्वनिमुद्रित केला होता. नव्या अल्बममध्येही यमनच आहे, बंदिशही तीच. ही पुनरावृत्तीच ना?

राग-बंदिशीवरून हे ठरत नाही, बढतीवरून, म्हणजे राग हळूहळू कसा फुलवला यावरून ठरतं. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाच्या 12 मात्रा. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, 48 सेकंदांचं होतं. दोन्ही ध्वनिमुद्रणांची पहिली दहा आवर्तनं ऐका आणि प्रत्येक आवर्तनात न्यास (स्वरावरचा विसावा) कुठे झाला ते कागदावर मांडा: मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद, षड्ज, गंधार, पंचम. तार (वरच्या सप्तकातला) षड्ज कितव्या आवर्तनात लागला तेही लिहा. दोन्ही कागद जुळले, मुखडाही (बंदिशीची सुरुवातीची ओळ) त्याच वळणाने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आला, तर आखणी जुनीच आहे. पण पूर्वी तिसऱ्या आवर्तनातच गंधारावर ठाण मांडणारा गायक आता पाच आवर्तनं मंद्रातच रमत असेल, तीव्र मध्यम राखून ठेवत असेल, तर त्याचा यमन नक्की पुढे गेला आहे.

तुलना मिनिटांवर करू नका. लय थोडी जरी बदलली तरी मिनिटं फसवतात, आवर्तनंच मोजा. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावत, म्हणून तिथली बढत आटोपशीर असते. तिची तुलना तासाभराच्या गाण्याशी करणं अन्यायाचं आहे. सपाट (सरळ चढ-उताराच्या) ताना त्याच आल्या तर फार मनावर घेऊ नये, ती तयारी, म्हणजे रियाजाने कमावलेली सफाई असते.

प्रश्न (बेळगाव): कुमार गंधर्वांचं आजारापूर्वीचं आणि नंतरचं गाणं इतकं वेगळं का? नाइलाज म्हणून, की विचारपूर्वक?

दोन्ही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमारजींना क्षयाने गाठलं. ते 1948 मध्ये माळव्यातल्या देवासला गेले आणि काही वर्षं त्यांचं गाणं बंदच होतं. एक फुप्फुस निकामी झाल्यावर लांब दमसास उरला नाही, म्हणून स्वरवाक्य आखूड झालं. हा झाला नाइलाज. पण ते कुठे तोडायचं, तानपुऱ्याला किती वेळ बोलू द्यायचं, हा विचार त्यांचा. माळव्यातल्या लोकधुनांतून लगनगांधार, मालवती, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग उभे राहिले, ते केवळ श्वास कमी पडला म्हणून नव्हे. ऐकताना समेआधीची शांतता पाहा. ती दर आवर्तनात एकाच मात्रेवर पडली असती तर सवय म्हटलं असतं. त्यांच्याकडे ती जागा बदलत राहते.

प्रश्न (निपाणी): अ‍ॅपवर ‘नवीन’ म्हणून आलेला अल्बम जुनाच वाटतो. ओळखायचं कसं?

श्रोत्यातला खोकला, दाद, तबला मिळवताना पडलेला हातोडीचा ठोका या खुणा दोन्हीकडे त्याच जागी सापडल्या तर ध्वनिमुद्रण एकच. मग ट्यूनर अ‍ॅपवर षड्ज पाहा. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीत वाजत असेल आणि वीस मिनिटांचा ट्रॅक जवळपास 1 मिनिट 7 सेकंदांनी आखूड झाला असेल, तर टेपचा वेग सुमारे सहा टक्के वाढवला आहे. मात्र हल्ली वेग न बदलताही पट्टी बदलता येते, त्यामुळे खोकल्याची खूणच जास्त भरवशाची.

प्रश्न (चिकोडी): एका अभंगगायकाच्या नव्या अल्बममध्ये सगळ्या चाली सारख्याच वाटतात.

मोठ्या अभंगाची अक्षरं 6-6-6-4, त्यामुळे एकाची चाल दुसऱ्याला सहज बसते. भजनी ठेकाही आठच मात्रांचा. तेवढ्यावरून गायकाला दोष देऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक असतं आणि चौथा चरण आखूड. त्या आखूड चरणातल्या अर्थासाठी चाल थांबते का, की पुढच्या ओळीकडे धावते, ते पाहा. पेटीवर फक्त षड्ज धरून दोन अभंगांच्या ओळी अदलाबदल करून म्हणा. अर्थाला काहीच धक्का लागला नाही तर चाल शब्दांसाठी बांधलेलीच नाही. भीमसेन जोशींची कन्नड दासपदं (हरिदास संतांची भक्तिपदं) आणि मराठी अभंग आपल्याकडे दोन्ही घरोघरी वाजतात. ते पाठोपाठ ऐकले की भाषेप्रमाणे शब्दावरचा जोर कसा सरकतो हे लगेच कळतं. कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे तेच ते असतील, तर आधी संगीत संयोजकाचं नाव वाचा.